हेल्याचे खांदे

चंद्रपूर,
१९ जून २०२४

प्रिय धनराज,

जयभीम. कुशल विचारण्याचा प्रघात या पत्रापुरता बाजूला ठेवते. परवा तुमच्या हेल्याची जी अवस्था मी पाहिली, तिच्यानंतर कुणाचे कुशल विचारण्याइतके माझे मन स्वच्छ राहिलेले नाही.

सैन्याने तीस वर्षे वापरून बाद केलेली, जमिनीवर सहा चाकांनी आणि पाण्यात मागच्या पंख्याने चालणारी ही हेला गाडी तुमच्या सहकारी संस्थेने दोन वर्षांपूर्वी लिलावात घेतली. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की कोसमटोल्याच्या लोकांना शाळा, बाजार आणि दवाखाना गाठता यावा, हा त्यामागचा विचार चांगला होता. चांगल्या विचारांची आपल्या भागात कधीच वाण नव्हती. वाण आहे ती फडक्याची, कानशीची आणि लाजेची.

गाडीच्या तळाशी मला शेळ्यांच्या लेंड्या आणि मोहफुलांचा आंबलेला लगदा मिळाला. पाणी उपसण्याच्या पंपाची जाळी तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्यांनी बुजली होती. एका कोपऱ्यातल्या मातीत टमाट्याचे रोप उगवले होते. ते निरोगी होते. गाडीत निरोगी असे तेवढेच. ते मी उपटून टाकले. उन्हासाठी म्हणून वर जे पत्र्याचे छप्पर ठोकले आहे, ते याच आठवड्यात उतरव. गाडी बुडू लागली तर माणसे त्या छपराखाली पिंजऱ्यातल्या उंदरांसारखी मरतील.

आता मुख्य गोष्ट. या गाडीचे पोट म्हणजे एक लोखंडी डबा. चाके फिरवणारे दांडे सहा भोकांतून त्या डब्याबाहेर येतात आणि प्रत्येक भोकावर एक रबरी मोजा चढवलेला असतो. दांडा हलतो, मोजा वाकतो, पाणी बाहेर राहते. गेल्या जूनमध्ये नवे बसवलेले हे सहाही मोजे परवा माझ्या बोटाखाली पिकल्या टेंभरासारखे दबले. त्यांच्या आधीचेही असेच गेले होते. तेव्हा मी त्यांच्या वयाला दोष दिला. या वेळी तो देता येत नाही. मोजे गडचांदूरच्या कुलदीपने बनवले होते. सिमेंट कारखान्यांच्या यंत्रांना रबरी भाग पुरवणारा माणूस नदीवरच्या माणसांच्या जिवासाठी भेसळीचा माल देतो, ही गोष्ट मला ओकारी आणते.

तहसील कार्यालय माझ्या, म्हणजे तपासनिसाच्या, सहीशिवाय हेल्याला पाण्यात उतरू देत नाही, आणि मोजे बदलल्याशिवाय माझी सही मिळणार नाही. तोंडी विनवण्या करू नकोस. तुमच्याकडे पावसाळ्यात फोन लागत नाही, हे त्या दृष्टीने बरेच आहे. जे म्हणायचे ते लिहून कळव.

तुझी,
माधवीताई


कोसमटोला,
२६ जून २०२४

आदरणीय माधवीताई,

सविनय जयभीम. तुमचं पत्र बसवाल्यानं आनून देल्लं. मी एसटी चालवत होतो तवाचा दोस्त आहे, म्हनून पाकीट फाडलं नाई त्यानं. मी ते शेजारच्या गुणाबाईले वाचून दाखवलं. बाकी सगळं तिनं आयकून घेतलं, पन टमाट्यावर अटकली. म्हनते, "माहं रोप होतं ते. बाई एवढी शिकली अन तिले टमाटं अन गवत समजत नाई काय?"

छप्पर काढून राह्यलो. शेळ्या माह्या नाई, गाडीवर माह्या हाताखाली असते त्या लच्छूच्या आहेत. त्याले सांगतलं. तो म्हनते, "गाडी उन्हाळ्यात रिकामी उभी राह्यते, शेळ्यायनं जावं कुठी?" आता तुमीच सांगा अशा मानसाले काय म्हनावं.

मोज्याचं मले काई समजत नाई ताई. पन कुलदीप तसा पोट्टा नाई. मोजे बसवाले तो सोता आलता, दिवसभर गाडीखाली झोपून होता. चहाचे पैसे भी त्यानंच देल्ले.

सही लवकर द्या. धानाचा रोवना सुरू होऊन राह्यला, बाया पल्याडच्या बांध्यायत जाते. हेला बंद राह्यला तं लोकं डोंग्यात बसतीन. मागच्या साली हेला बंद होता तवा डोंगा पलटला अन पत्रू गेला. त्याची बायको अजून बी घाटावर येऊन बसते. माह्यानं तिच्याकडं पाहवत नाई.

तुमचा,
धनराज


चंद्रपूर,
१० जुलै २०२४

प्रिय धनराज,

मुंबईहून मागवलेले सहा मोजे रविवारी माझ्या डोळ्यांसमोर बसवले गेले, ते शुद्ध नैसर्गिक रबराचे आहेत. त्याहून चांगले रबर या कामासाठी नाही. प्रत्येक पट्टी मी स्वतः आवळून पाहिली. लच्छूने आवळलेल्या दोन पट्ट्या सैल होत्या. विचारले, तर "चालते ना बाई" म्हणाला. 'चालते' हा शब्द तुमच्या घाटावर मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. जगातली जेवढी जहाजे बुडाली, त्यांतल्या बहुतेकांवर कुणीतरी आधी हाच शब्द उच्चारला होता.

ऑक्टोबरअखेरपर्यंतची सही सोबत पाठवते. चौदा माणसे, पंधरावे नाही. रोज पाण्यातून बाहेर आल्यावर तळाची बुचे उघडायची आणि किती पाणी निघाले ते पाहायचे. भांडेभर निघाले तर हरकत नाही. बादलीभर निघाले तर गाडी त्या दिवशी बंद.

कुलदीप माझ्याकडे येऊन गेला. त्याला चोर म्हणणारे माझे पत्र त्याला मिळाले होते. त्याने जुन्या मालातला न वापरलेला एक तुकडा आणला होता. तो माझ्यापुढे ताणला, पिळला, दुमडला आणि म्हणाला, "मॅडम, माल अस्सल आहे. याले दुसरं काईतरी लागलं आहे." पकडला गेलेला माणूस नेहमी हेच म्हणतो. तंत्रनिकेतनात शिक्षिका म्हणून मी हे वाक्य चाळीस वर्षे ऐकत आले. दर वेळी कॉपीचा कागद 'दुसऱ्या कुणाचा' असायचा. मी त्याला पाणीसुद्धा विचारले नाही. तो गेल्यावर त्याने सोडलेली खुर्ची मी पुसून घेतली.

तुझी,
माधवीताई


कोसमटोला,
११ ऑगस्ट २०२४

आदरणीय माधवीताई,

सविनय जयभीम. हेला एकदम झकास चालून राह्यला. बुचं उघडली की तांब्याभर बी पानी नाई निघत. रिनाले, म्हनजे लच्छूच्या पोरीले, पुरात दवाखान्यात नेलं. पोरगी झाली. लच्छू म्हनते नाव 'गंगा' ठेवतो. मी म्हनलं, बाईले विचार आधी, नाईतं ते नाव बी उपटून टाकन.

ताई, एक विनंती आहे. २ तारखेले पोळा आहे. यंदा तुमी याच. तुमाले माहीत आहे, आपन पूजाबिजा नाई करत, पन गावाचा पोळा आहे अन आमी सगळेच जातो. गावात आता बैल रायलेच नाई. ट्रॅक्टर आले, जोड्या इकल्या. गुणाबाईनं आपली शेवटची जोडी इकली, त्या वर्षी पोळ्याले ते घराबाहेर निघाली नाई. मंग हेला आला. नाव बी तिनंच ठेवलं. म्हने, चिखलात घुसते, पान्यात घुसते, हा तं आपला चिखलनीचा हेलाच आहे, रेडा. तवापासून दोन सालं झाली, हेल्याचाच पोळा भरते आमचा.

पाहासारखं असते ताई. आदल्या सांजेले खांदमळनी. बाया गरम लोनी अन हळद घेऊन येते, पळसाच्या पानानं हेल्याचे खांदे चोळते. खांदे म्हनजे जिथून चाकाचे दांडे निघते ना, ते सहा. जुवाचा सगळा भार तिथंच येते म्हनते गुणाबाई. चांगलं थापून थापून लावते, काई बी कसर नाई ठेवत. अन कानात सांगते त्याच्या, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." कान म्हनजे आरसा.

तुमाले पुरनपोळी आवडते, हे मी तिले सांगून ठेवलं आहे.

तुमचा,
धनराज


चंद्रपूर,
१६ ऑगस्ट २०२४

धनराज,

तुझे पत्र मी तीनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना उठून खिडकी उघडावी लागली.

लोणी! मी दोन वर्षे रबराच्या चाचण्यांचे अहवाल चाळते आहे, एका कारखानदाराला चोर ठरवते आहे आणि तुम्ही सगळे मिळून त्या मोज्यांना गरम लोण्याने मर्दन करत आहात! नैसर्गिक रबर पाणी सोसते, चिखल सोसते, ऊनही काही काळ सोसते. स्निग्ध पदार्थ त्याला सोसत नाही. रबर तो पिऊन घेते, फुगते, मऊ होते आणि हळूहळू कुजते. तुम्ही प्रेमाने थापलेले लोणी वर्षभर आत मुरत राहिले. बैलाचा खांदा त्याने बरा होतो. इथे त्याने गाडीला सहा ठिकाणी भोके पडतात.

मला पोळ्याशी वाद नाही. ज्याला ज्याची पूजा करायची त्याने ती करावी. पण ज्या वस्तूवर चौदा माणसांचा जीव तरंगतो, ती कशाने बनली आहे हे विचारण्याची गरजही ज्यांना वाटत नाही, त्यांच्या भक्तीला मी अडाणीपणाच म्हणते, आणि त्याची मला शिसारी येते. तू तीस वर्षे बस चालवलीस. ब्रेकच्या नळीला कधी तूप लावले होतेस का?

आदेश स्पष्ट आहे. या वर्षी मोज्यांना कुणी हात लावायचा नाही. तरीही चुकून काही लागलेच, तर तत्काळ काढायचे. कणही राहता कामा नये.

कुलदीपला मी दोन ओळी लिहिल्या आहेत. त्यांत 'गैरसमज' हा शब्द आहे. तो पुरेसा आहे.

पोळ्याला मी येणार नाही.

माधवीताई


कोसमटोला,
२३ ऑगस्ट २०२४

आदरणीय माधवीताई,

सविनय जयभीम. तुमचं पत्र मी समाजमंदिरात सगळ्यायले वाचून दाखवलं. 'अडाणीपना' तेवढं गाळलं.

मंग गुणाबाई उठली. म्हनते, "धनराजभाऊ, माही सून यानंच पल्याड नेली, नातू यानंच शाळेत जाते. वर्साचा एक दिवस त्याले लोनी नाई लावाचं, तं काय दगड हानाचे?"

मी म्हनलं, "बाई, रबर सडते त्यानं."

"माहे बैल नाई सडले."

"बैल रबराचे नोयते ना गुणाबाई!"

"मंग बाईले सांग, बैलाच्या कातड्याचे मोजे लावून दे म्हना. एवढी शिकली तं एवढं नाई येत काय तिले?"

सगळ्या बाया हासल्या. मी बी हासलो, खोटं काऊन सांगू. पन तुमी काळजी करू नका. खांदमळनीच्या दिवशी मी सोता हेल्याजवळ उभा राहीन.

तुमचा,
धनराज


कोसमटोला,
५ सप्टेंबर २०२४

आदरणीय माधवीताई,

जयभीम. पोळा झाला. मोज्याले आता लोन्याचा कनही नाई. गाडी दोन-चार दिवस बंद ठेवली आहे, जरा आराम. बाकी ठीक.

धनराज


चंद्रपूर,
९ सप्टेंबर २०२४

धनराज,

'जरा आराम.' आज सकाळी तहसील कार्यालयातून मला सांगण्यात आले की हेला नदीत बुडाला, माणसे रेतीच्या बेटावर अडकली आणि एकीला टाके पडले. ही गाडी कायमची अयोग्य आहे असे मी लिहून द्यावे, म्हणजे ती भंगारात काढता येईल, असा त्यांचा आग्रह आहे. मला उत्तर द्यायचे आहे.

तुझ्या तीन ओळी माझ्यासमोर आहेत. त्यांत एकही शब्द खोटा नसावा, अशी मला शंका आहे, आणि त्याचीच मला अधिक घृणा वाटते. काय घडले ते सगळे लिही. कुणालाही वाचवू नकोस, स्वतःलाही नाही.

माधवीताई


कोसमटोला,
१३ सप्टेंबर २०२४

आदरणीय माधवीताई,

जयभीम. लिहितो.

खांदमळनीच्या सांजेले मी हेल्याजवळ उभाच होतो. बाया आल्या. हातात काई नोयतं, नुसती पळसाची पानं. मले वाटलं, आयकलं यायनं. मी पंपाची जाळी पाहाले पल्याडच्या बाजूनं गेलो, तेवढ्यात पदराखालून लोनी निघालं. मी धावलो तवरिक सहाच्या सहा खांदे पिवळेजर्द. गुणाबाई म्हनते, "झालं भाऊ. आता बाईले काई सांगू नको."

मले तुमचं पत्र आठवलं. कनही राहता कामा नये. पान्यानं लोनी निघते काय ताई? साबनानं घासलं, तरी चिकट. मंग मी डबा आनला डिझलचा. एसटीच्या डेपोत हातायचं ग्रीस आमी डिझलनंच काढत होतो. फडके भिजवून भिजवून सहाही मोजे पुसले, आतल्या घड्यायत बोट घालून पुसले. चकाचक केले. बाया बाजूले उभ्या राहून पाहत होत्या. मले वाटलं, ताईनं आज पाहिलं असतं तं पह्यल्यांदा 'शाबास' म्हनलं असतं.

४ तारखेले सकाळी अकरा मानसं घेऊन निघालो. गुणाबाईले डोळ्याच्या डाक्टरकडं जायाचं होतं. मंधात आलो अन हेला डाव्या अंगाले झुकला. समोरच्या डाव्या चाकाचा मोजा फुगून पट्टीतून निसटला होता. पानी घोटे, मंग गुडघे. पंप चालू होता, पन पुरला नाई. लच्छू डब्यानं उपसे अन ओरडे, "धनराजभाऊ, रेतीकडं घे, रेतीकडं!" मी रेतीकडं घेतला. बेटाच्या कडेले नाक टेकलं अन मांगचा भाग पान्यात बसला. सगळे वरूनच उड्या मारून निघाले. छप्पर असतं तं आमी आतच राह्यलो असतो. गुणाबाईची पिंडरी पत्र्यानं फाटली. उतरवतांनी ते मले म्हनते, "लोन्यानं नाई झालं ना रे हे?" मी म्हनलं, नाई. मले खरंच माहीत नोयतं.

आता गुणाबाईनंच मानसायले सांगून डोंगा बाहेर काढला आहे. शाळेची पोरं कालपासून डोंग्यानं जाऊन राह्यली. पत्रूची बायको घाटावरच होती, ते उठून घरी गेली.

तुमी भंगार म्हना का काई बी म्हना. मी चुकलो.

धनराज


चंद्रपूर,
१८ सप्टेंबर २०२४

प्रिय धनराज,

लोण्याला जे करायला वर्ष लागते, ते डिझेल दोन दिवसांत करते. तू ते मोजे पुसले नाहीस, भिजवलेस. तीस वर्षांच्या अनुभवाने माणूस इतके ठामपणे चुकीचे वागू शकतो, याची मला किळस आली. त्यानंतर मी माझेच १६ ऑगस्टचे पत्र आठवले. 'कणही राहता कामा नये.' कशाने काढायचे, ते मी लिहिले नव्हते. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने इतका अपुरा आदेश लिहिला असता, तर मी त्याला त्या विषयात नापास केले असते. याहून अधिक या मुद्द्यावर मला काही म्हणायचे नाही.

कार्यालयाला मी 'सध्या अयोग्य' असे कळवले आहे. 'कायमची' हा शब्द मी लिहिला नाही. गाडीचा सांगाडा शाबूत आहे. नालायक आहोत ते आपण.

सोमवारी मी गडचांदूरला गेले. कुलदीपने मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि 'गैरसमज' या शब्दाविषयी अवाक्षर काढले नाही. त्याचा तो सभ्यपणा मला फार जड गेला. पत्रात मी त्याला चोर म्हटले होते, ते त्याच्या कामगारांसमोर परत घेतले. मग आम्ही कामाचे बोललो. तेलात भिजणाऱ्या यंत्रांसाठी तो एक वेगळे, कारखान्यात घडवलेले रबर वापरतो. तेल, चरबी, डिझेल यांना ते दाद देत नाही. नैसर्गिक रबराइतके ते लवचिक नाही. वाकून वाकून त्याला लवकर चिरा पडतील आणि मोजे दर वर्षी बदलावे लागतील. माझ्या मते ते दुय्यम आहे, आणि आयुष्यभर मी दुय्यम वस्तूवर सही केलेली नाही.

आता करणार आहे. सर्वोत्तम मोजा तुमच्या गावात एक पोळाही टिकत नाही, हे दोनदा सिद्ध झाले. तुम्हाला थांबवता येत नाही. ही गोष्ट मी अनुभवाने नोंदवते आहे, कौतुकाने नाही. बैल गेल्यावर बाईच्या हातातले लोणी कुठेतरी जाणारच होते. ते हेल्याच्या खांद्यावर येणार हे धरूनच मोजा निवडायला हवा होता. ते माझे काम होते.

पण नुसत्या सांगण्यावर मी विश्वास ठेवत नाही, कुलदीपच्याही नाही. म्हणून गुणाबाईंना सांग, पावशेर लोणी पाठवा. दुकानातले नको. त्या पोळ्याला काढतात तसेच, त्यांच्या हातचे, कढत केलेले, हळद जेवढी घालतात तेवढीच घातलेले. नव्या मोज्याचा एक तुकडा त्यात आणि दुसरा डिझेलमध्ये पंधरा दिवस बुडून राहील. दोन्ही डबे माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवणार आहे, म्हणजे नजरेआड होणार नाहीत. त्या वासाच्या नुसत्या कल्पनेने मला आताच अन्न जात नाही.

तुकडे टिकले, तर मी मोजे घेऊन येईन आणि पहिल्या फेरीला स्वतः बसेन. गुणाबाईंची जखम भरली असेल तर त्यांनी माझ्याशेजारी बसावे. त्यांना जे बोलायचे असेल ते मला तोंडावर बोलावे. तुकडे टिकले नाहीत, तर दुसरे रबर शोधू.

डोंगा आजच्या आज वर ओढ. हे पंधरा दिवस पोरांची शाळा बुडाली तर बुडू दे.

तुझी,
माधवीताई